वाकवलेली भिंत

परवा नातवाने कॉम्प्युटरवर राजगडाची संजीवनी माची काढली. आधी सरळ तट उभा केला, दगडांच्या रेघांसकट. मग डोंगराच्या सोंडेची वाकडी रेघ ओढली, आणि एका आज्ञेसरशी अख्खा तट तिच्यावर वाकवला. मी पाहतच राहिलो.

पण जवळून पाहिलं तर बाहेरच्या अंगाचे दगड ताणून लांब झालेले, आतले चेपलेले. मधल्या रेघेवर तेवढं माप शाबूत. "आबा, वाकवलं की असंच होणार," तो म्हणाला. खरंच आहे, लोखंडाची पट्टीही अशीच वाकते. काळा दगड मात्र ना ताणतो ना चेपतो. सतराव्या शतकातल्या पाथरवटाला वळण साधायचं ते चिरा घडवताना, नाहीतर सांध्यात. आणि ही माची तर दुहेरी तटाची, तीन टप्प्यांत उतरत गेलेली! भोरकडून भुतोंड्याहून चढलं की अळू दरवाजातून याच माचीवर येतो. कितीदा आलो असेन, चिऱ्यांकडे असं कधी पाहिलं नव्हतं.

२०२५ साली राजगड युनेस्कोच्या यादीत गेला. उद्या डागडुजी असल्या चित्रावरून झाली तर? म्हटलं, "बाळा, हे पूस. एकेक चिरा रच." कुरकुरला, पण बसला. संध्याकाळपर्यंत अकरा चिरे झाले.