टिपणीस, कारगिल आणि परवानगीचा प्रश्न

मराठी माणसाचा सैनिकी अभिमान घोडदळापाशी सुरू होतो आणि फार तर आरमारापर्यंत जाऊन थांबतो. गिरगाव-दादरकडच्या ग्रंथालयांत किल्ल्यांवरची कपाटे भरलेली असतात. हवाईदलाविषयी मराठीत काय वाचावे, असे कोणी विचारल्यास आम्हांलाही चटकन उत्तर सुचत नाही. वस्तुतः मुंबईत जन्मलेले हृषीकेश मुळगावकर १९७६ ते १९७८ या काळात हवाईदलप्रमुख होते. पुढे अनिल यशवंत टिपणीस, प्रदीप नाईक आणि विवेक राम चौधरी यांनी ते पद भूषविले. यांपैकी टिपणिसांची कारकीर्द आम्हांला सर्वांत विचारप्रवर्तक वाटते. कारण तिच्या केंद्रस्थानी एक न मिटलेला वाद आहे.

१९६० साली लढाऊ वैमानिक म्हणून दाखल झालेले टिपणीस ३१ डिसेंबर १९९८ रोजी हवाईदलप्रमुख झाले. पाचच महिन्यांत कारगिल उद्भवले. भूदलाने सशस्त्र हेलिकॉप्टरांची मागणी केली. टिपणिसांची हरकत दुहेरी होती. एक तर त्या उंचीवरच्या विरळ हवेत शस्त्रसज्ज हेलिकॉप्टर मंदावते आणि शत्रूच्या आयते हाती सापडते. दुसरे, हवाईदल उतरले की चकमकीचे युद्ध होण्याचा संभव वाढतो, म्हणून हा निर्णय सेनानींनी आपसांत घ्यावयाचा नसून सरकारने घ्यावयाचा आहे. परवानगी २५ मे १९९९ रोजी मिळाली, नियंत्रणरेषा न ओलांडण्याच्या अटीवर. मधल्या दिवसांत पायदळाचे जवान उघड्या कड्यांवर गोळ्या झेलीत होते, हे विसरून टिपणिसांची बाजू मांडणे आम्हांला प्रशस्त वाटत नाही. भूदलाचा राग निराधार नव्हता.

२६ मे रोजी हल्ले सुरू झाले. दुसऱ्याच दिवशी दोन विमाने गमावली गेली. स्क्वाड्रन लीडर अजय आहुजा मारले गेले, फ्लाइट लेफ्टनंट नचिकेता पकडले गेले. २८ मे रोजी एमआय-१७ हेलिकॉप्टर क्षेपणास्त्राने पाडले गेले आणि त्यातील चौघेही गेले. त्यानंतर हल्ल्यांसाठी हेलिकॉप्टरे वापरणे थांबले. पहिली हरकत अशी चार प्राणांच्या मोलाने खरी ठरली. मग मिराज-२००० विमाने पुढे आली. १७ जूनला मुंथो ढालो येथील रसदतळ उद्ध्वस्त झाला, २४ जूनला टायगर हिलवर लेसर-नियंत्रित बॉम्ब पडले. त्या मोहिमेच्या वेळी अठ्ठावन्न वर्षांचे टिपणीस स्वतः एका मिराजमध्ये मागच्या आसनावर होते.

२००६ साली तत्कालीन लष्करप्रमुख वेदप्रकाश मलिक यांचे कारगिलवरील पुस्तक निघाले आणि त्याच वर्षी टिपणिसांनी ‘फोर्स’ या नियतकालिकात आपली बाजू लिहिली. दोन्ही लेखन इंग्रजीत. भाऊसाहेबांची बखर वाचताना होळकरांचा गनिमी कावा की गारद्यांच्या तोफा, या वादात आपण सहज एक पक्ष घेतो. तसा तो येथे घेता येत नाही. मलिकांना वेळ दिसतो, टिपणिसांना अधिकार. दुसऱ्या हरकतीबाबत मात्र आमचा कौल टिपणिसांकडे आहे. ज्या उपखंडात सेनानींनी सरकारांना न विचारता, कधी सरकारेच बाजूला सारून, निर्णय घेतले, तेथे परवानगीसाठी अडून बसलेला सेनापती आम्हांला भित्रा वाटत नाही. त्याच वर्षी ऑक्टोबरात पाकिस्तानात सत्ता लष्करप्रमुखांच्या हाती गेली. आणि कारगिलची मोहीम आखणारे लष्करप्रमुख तेच होते.