नाणेघाटाचा रांजण आणि तेलाचा भाव

जुन्नरहून पश्चिमेस निघून घाटघर हे गाव मागे टाकले म्हणजे सह्याद्रीच्या कड्यात एक अरुंद खिंड लागते. हाच नाणेघाट. खिंडीच्या तोंडाशी एक भला मोठा दगडी रांजण आहे. कल्याण व सोपारा ह्या बंदरांवरून घाट चढून येणारा व्यापारी आपल्या मालाची जकात ह्या रांजणात नाण्यांच्या रूपाने टाकीत असे, अशी परंपरेची समजूत आहे, आणि घाटाचे नावही तिच्याशी जुळते. तेथील लेण्यात सातवाहनांचा जो प्रसिद्ध ब्राह्मी लेख आहे, त्यात यज्ञांच्या दक्षिणेत दिलेल्या गायी, घोडे आणि सहस्रावधी कार्षापणे यांची मोजदाद आहे. एवढे द्रव्य कोठून आले हे लेख सांगत नाही; परंतु ज्याने घाट पाहिला आहे त्यास ते विचारावेही लागत नाही.

मला आज बोलावयाचे आहे ते रॉकेल, पेट्रोल आणि डिझेल यांच्या भावाविषयी, नाणेघाटाविषयी नव्हे. पण जुन्नर-आंबेगावात ज्याचे आयुष्य गेले अशा मास्तरास, भावाचा आणि कराचा विषय निघाला की तो रांजण आठवल्यावाचून राहात नाही. त्या रांजणात एक मोठा गुण होता. तो सर्वांसमक्ष होता. देणारास आपण किती दिले हे दिसत असे, आणि घेणारा कोण हेही ठाऊक असे.

तेलाचा व्यवहारही एके काळी असाच डोळ्यांसमोरचा होता. नाशिकच्या लेण्यांत आभीर राजा ईश्वरसेनाच्या काळचा एक लेख आहे. विष्णुदत्ता नावाच्या एका उपासिकेने आजारी भिक्षूंच्या औषधपाण्यासाठी काही रक्कम निरनिराळ्या श्रेणींकडे ठेव म्हणून दिली. त्यांत तेल गाळणाऱ्यांची एक श्रेणी आहे. खुद्द जुन्नरच्या लेण्यांतून धान्याचे व्यापारी, बांबूकाम करणारे आणि कासार यांच्या श्रेणी भेटतात. म्हणजे तेली हा त्या काळी ठेव सांभाळण्याइतका पतदार मनुष्य होता. त्यानंतरची कित्येक शतके आपल्या घरांतील समई तीळ आणि करडई यांच्या तेलावर जळली. तेल महाग झाले तर का झाले हे विचारण्यास दूर जावे लागत नसे. करडई बुडाली की तेल चढले. घाणा गावातच, तेली गावातच, आणि भांडावयाचे तर भांडणही गावातच.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात हा हिशेब पालटला. अमेरिकेतून, मागाहून रशियातील बाकूहून, दगडाचे तेल येऊ लागले. आपले ‘रॉकेल’ म्हणजे ‘रॉक ऑइल’ ह्या दोन शब्दांचेच घासून गुळगुळीत झालेले रूप होय. 1892 साली मार्कस सॅम्युएल ह्या इंग्रज व्यापाऱ्याचे ‘म्यूरेक्स’ नावाचे जहाज पोटात सुटे तेल भरून सुएझच्या कालव्यातून पूर्वेकडे आले. सुटे तेल स्वस्त पडे. पण गिऱ्हाईक अडून बसले, कारण त्यास तेलाइतकाच पत्र्याचा डबा हवा होता! अमेरिकन कंपनीचा डबा निळा होता. सॅम्युएलने आपला लाल केला. तेल संपल्यावर डब्यातून पाणी भरावे, त्यात धान्य ठेवावे, तो फोडून छपरास पत्रा करावा. माझ्या आजीच्या घरी शेंगदाणे भरून ठेवलेला असाच एक डबा होता. तो कोणत्या कंपनीचा हे तिला ठाऊक नव्हते, आणि ठाऊक असण्याचे कारणही नव्हते.

आता जी हकीकत सांगतो ती आपल्या देशाच्या बाजारात घडली, परंतु तिचा निकाल लागला स्कॉटलंडात. 1927 साली न्यूयॉर्कच्या स्टँडर्ड ऑइल कंपनीने रशियाचे रॉकेल घेऊन ते हिंदुस्थानात विकावयास काढले. रशियाने आपल्या विहिरी जप्त केल्या म्हणून चडफडत असलेले शेल कंपनीचे हेन्री डेटर्डिंग खवळले आणि त्यांनी हिंदुस्थानातच रॉकेलचा भाव पाडला. दोन हत्तींची ही झुंज चालली होती तोवर खेड्यातील चिमणीस थोडे स्वस्त तेल मिळाले. मात्र हत्तींस अशी झुंज परवडत नाही. 1928 साली डेटर्डिंग यांनी अ‍ॅकनाकॅरी नावाचा एक वाडा शिकारीच्या निमित्ताने भाड्याने घेतला. तेथे मोठमोठ्या कंपन्यांचे धनी जमले आणि ज्याचा बाजारात जेवढा वाटा आहे तेवढा तसाच राहावा, असा करार करून उठले. त्याच वर्षी आपल्याकडे बर्मा-शेल ही विक्रीची कंपनी उभी राहिली.

ह्या व्यवस्थेतील भाव काढण्याची रीत मोठी गमतीची होती. तेल कोठूनही येवो, त्याचा भाव अमेरिकेतील मेक्सिकोच्या आखाताचा धरावयाचा आणि तेथून मुंबईपर्यंतचे जहाजभाडे त्यात मिळवावयाचे. इराणातील अबादानचे तेल मुंबईस आले तरी ते अमेरिकेहून आले असे समजावयाचे. आपल्याकडील उदाहरण घ्यावयाचे तर ओतूरचा कांदा जुन्नरात विकणाऱ्याने भाव लासलगावचा सांगावा आणि वर लासलगावहून आणल्याचे भाडेही मागावे, असा हा प्रकार. कांदेवाल्याने असे केले तर बाजारात त्याची चेष्टा होईल. तेलवाल्यांनी केले, आणि दुसऱ्या महायुद्धापर्यंत जगाने ते दिले.

1942 साली जपानी फौजा आल्या तेव्हा इंग्रजांनी ब्रह्मदेशातील येनांजावच्या तेलविहिरी आपल्याच हातांनी उद्ध्वस्त केल्या. रॉकेल मिळेनासे झाले. मोटारी कोळशाच्या वायूवर चालवाव्या लागल्या. त्यातून बोध घेऊन आपण तेलापासून दूर जावयाचे, तो झाले उलटेच. 1946 साली खडकीस किर्लोस्करांचा तेल-इंजिनांचा कारखाना निघाला, आणि पुढे मोट हळूहळू विहिरीवरून उतरली. इंजिनास मी नावे ठेवीत नाही. मोटेमागे पहाटेपासून खपलेल्या माणसास इंजिनाचा आवाज गोडच लागला असणार. परंतु मोटेचा बैल शिवारातला कडबा खाई. इंजिन खाते ते तेल आपल्या शिवारात पिकत नव्हते. पुढे विहिरींवर विजेचे पंप आले, तेव्हा नांगराच्या जागी ट्रॅक्टर आणि बैलगाडीच्या जागी टेंपो येऊन उभे राहिले. आपल्या दोन्ही तालुक्यांत रेल्वेचा रूळ आलेला नाही. जे काही येते-जाते ते पुणे-नाशिक रस्त्याने नाही तर माळशेजवरून, आणि ते डिझेलवर.

स्वातंत्र्यानंतर तुर्भ्यास दोन शुद्धीकरण कारखाने झाले, 1954 साली स्टँडर्ड-व्हॅक्यूमचा आणि 1955 साली बर्मा-शेलचा. करारात सरकारने पंचवीस वर्षे हात न लावण्याची हमी दिली, आणि तेल मुंबईत गाळले तरी भाव परदेशाहून आणल्याचा धरावा हेही मान्य केले. 1960 साली रशियाने स्वस्त कच्चे तेल देऊ केले, तेव्हा ते गाळावयास ह्या कंपन्यांनी नकार दिला. तेलमंत्री केशवदेव मालवीय यांनी हा प्रश्न लावून धरला. कंपन्यांनी तेल गाळले नाही ते नाहीच, पण आपल्या भावात थोडी सूट दिली. एवढा एक धडा तरी मिळाला की शेजारी दुसरे दुकान उघडले म्हणजे पहिल्या दुकानदाराचा भाव उतरतो.

1973 च्या ऑक्टोबरात अरब-इस्रायल युद्ध पेटले आणि जानेवारी 1974 पर्यंत कच्चे तेल पिंपास सुमारे तीन डॉलरांवरून साडेअकरांच्या वर गेले. मी तेव्हा बारा वर्षांचा होतो. घरी वीज आलेली नव्हती. गळ्यास सुतळी बांधलेली बाटली घेऊन रेशनच्या रांगेत दोन दोन तास उभे राहावयाचे आणि ‘तेल आले नाही’ हे तीन शब्द ऐकून परतावयाचे. सुएझचा कालवा नकाशात कोठे आहे हे त्याच वर्षी भूगोलाच्या तासास शिकलो. पण त्याचा आणि माझ्या रिकाम्या बाटलीचा संबंध कोणी सांगितला नाही. त्याच फेब्रुवारीत मुंबईजवळच्या समुद्रात तेल लागले, आणि 1974 ते 1976 ह्या अवधीत एस्सो, बर्मा-शेल व कॅलटेक्स ह्या तिन्ही कंपन्या सरकारने ताब्यात घेतल्या. हिंदुस्थान पेट्रोलियम, भारत पेट्रोलियम ही त्यांचीच पुढील रूपे.

कंपन्या आपल्या झाल्या; भावाची रीत मात्र फारशी बदलली नाही. मधली काही वर्षे सरकारने खर्चावर आधारून भाव बांधले, हे खरे. पण 2006 पासून पेट्रोल-डिझेलचा कारखान्याच्या दारातील भाव काढताना ऐंशी टक्के हिशेब आयातीचा आणि वीस टक्के निर्यातीचा धरण्याची पद्धत आली. तुर्भ्यास गाळलेल्या डिझेलावर आखातातून आल्याचे कल्पित भाडे आणि कल्पित विमा पुनः चढला. लासलगावचा कांदा ओतुरास आला तो असा! सबब अशी सांगतात की कच्चे तेल पंच्याऐंशी टक्क्यांहून अधिक बाहेरूनच येते. त्यात तथ्य आहे. पण कच्चे तेल बाहेरून येणे निराळे आणि गाळलेले तेल बाहेरून आले असे समजणे निराळे.

2010 साली पेट्रोलचा आणि 2014 साली डिझेलचा भाव कंपन्यांच्या स्वाधीन झाला. जगात तेल उतरले की येथेही उतरेल, असे तेव्हा सांगण्यात आले. एप्रिल 2014 मध्ये केंद्राचे उत्पादनशुल्क पेट्रोलवर लिटरमागे 9 रुपये 48 पैसे आणि डिझेलवर 3 रुपये 56 पैसे होते. 2020 च्या एप्रिलात कच्चे तेल वीस डॉलरांच्याही खाली घसरले. पुढच्याच महिन्यात तेच शुल्क अनुक्रमे 32 रुपये 98 पैसे आणि 31 रुपये 83 पैसे झाले. उतरलेला भाव पंपापर्यंत पोहोचलाच नाही. वाटेत घाट लागला. नोव्हेंबर 2021 आणि मे 2022 मध्ये मिळून पेट्रोलवर 13 आणि डिझेलवर 16 रुपये कमी केले, हेही नमूद केले पाहिजे. ह्यावर राज्याचा कर वेगळा.

कंपन्यांच्या नफ्याविषयी रागाने पुष्कळ बोलले जाते. 2022 च्या एप्रिल ते सप्टेंबर ह्या सहामाहीत तीन सरकारी कंपन्या मोठ्या तोट्यात होत्या, कारण भाव चढूनही पंपावरचा दर गोठविला होता. पुढे तेल उतरले, दर तसाच राहिला, आणि 2023-24 ह्या एका वर्षात त्याच तिघींचा नफा मिळून सुमारे 81 हजार कोटींवर गेला. मार्च 2024 मध्ये, निवडणुकीच्या तोंडावर, लिटरमागे दोन रुपये सुटले. तोटा भरून काढणे गैर नव्हे. पण तो किती होता, किती भरला आणि कोणत्या दिवशी पुरा भरला, हे गिऱ्हाइकास कोणी सांगितले नाही. ह्या कंपन्यांवर ताबा सरकारचा, आणि कर घेणारेही सरकार.

नारायणगावच्या बाजारात टोमॅटोचे क्रेट उतरतात तेव्हा लिलाव उघड्यावर होतो. बोली सर्वांस ऐकू येते. पुष्कळदा ती इतकी खाली जाते की तोडणी आणि टेंपोचे भाडे सुटत नाही, आणि माल बांधावर टाकलेला आपण पाहिला आहे. तरीही शेतकऱ्यास निदान कळते की आज आवक अधिक झाली. तोच शेतकरी परतताना पंपावर थांबतो. तेथे बोली नसते, आकडा असतो. तो कोणत्या बंदरापासून मोजला हे पंपवाल्यासही सांगता येत नाही.

पावसाळ्यातील रविवारी नाणेघाटावर मुंबई-पुण्याच्या मोटारींची रांग लागते. मंडळी त्या दगडी रांजणाभोवती उभी राहून छायाचित्रे काढतात. येथे पैसे कोण घेत असे आणि का घेत असे, असे मुले विचारतात, आणि वडील त्यांना सातवाहनांची गोष्ट सांगतात.