रक्ताची आठवण

आमच्या मोहल्ल्यात कुणाला देवी आल्या, की पहिला निरोप अम्मीला येई. तिच्या चेहऱ्यावर देवीचे व्रण होते. लहानपणी ती त्या दुखण्यातून उठली. तिचा धाकटा भाऊ त्याच साथीत गेला. पुढे इतर लोक दाराबाहेर थांबत, तेव्हा ती आत जाऊन रोग्याचं अंग पुसायची, पाणी पाजायची. "मला नाही व्हायचं आता," एवढंच म्हणायची. (आमच्या घरातही त्या रोगाला देवीच म्हणत. शेजाऱ्यांची भाषा तीच आमची.)

अम्मीला जे ठाऊक होतं, ते फार जुनं ज्ञान. आजच्या तेहरानजवळच्या रय गावचा हकीम अल-राझी यानं सुमारे अकराशे वर्षांपूर्वी देवी आणि गोवर यांवर स्वतंत्र ग्रंथ लिहिला, दोहोंतला फरक नीट मांडला. मुलाचं रक्त कोवळ्या द्राक्षरसासारखं, ते फसफसतं आणि मग निवतं, अशी त्याची कल्पना. कल्पना चुकीची होती. पण एकदा निवलेला रस पुन्हा फसफसत नाही, हे त्यातून आपोआप निघतं.

1846 मध्ये फॅरो बेटांवर गोवराची साथ आली. तिथं आधीची साथ 1781 ची. पीटर पानुम या तरुण डॅनिश डॉक्टरनं चौकशी केली, तर 1781 मध्ये गोवर येऊन गेलेल्या म्हाताऱ्यांपैकी एकालाही तो पुन्हा झालेला आढळला नाही. पासष्ट वर्षं शरीरानं ओळख ठेवली होती!

ही ओळख ठेवतात आपल्याच पांढऱ्या पेशी. विषाणू शिरला की काही पेशी प्रतिपिंडं बनवतात, काही बाधित पेशींना मारतात. पहिल्या खेपेला या तयारीत दिवसच्या दिवस जातात आणि देवीच्या रोग्याकडे तेवढा वेळ नसे. दहांतले तीनेक दगावत. जे वाचत, त्यांच्यात स्मृतिपेशी उरत. दुसऱ्या खेपेला त्या लगेच उठून उभ्या राहत. मामाच्या रक्ताला तो वेळ मिळाला नाही, अम्मीच्या रक्ताला मिळाला.

जीव पणाला न लावता ही ओळख करून देणं 1796 मध्ये एडवर्ड जेन्नरनं गायीच्या देवींच्या आधारे साधलं. लस हिंदुस्थानात आणायचे प्रयत्न आधी फसले. लांबच्या प्रवासात ती निकामी होई. शेवटी बगदाद, बसरा अशी एका दंडावरून दुसऱ्या दंडावर टोचत ती मुंबईला पोचली. 14 जून 1802 रोजी तीन वर्षांच्या अ‍ॅना डस्टहॉलला ती टोचली आणि तिच्या फोडातली लस पुढच्या मुलांना. त्या पोरीला कुणी विचारलं नसणार. तिचं नाव तरी उरलं. बसऱ्यापर्यंतच्या मुलांची नावं कुठं आहेत?

देवीचं उच्चाटन झाल्याचं 1980 मध्ये जाहीर झालं. माझ्या हातावर लशीचा वण आहे. लहानपणी मी तो अम्मीच्या गालावरच्या व्रणांशी लावून बघायचो. ती हात बाजूला सारायची.