वॉर्डरोब करून घेताय? ‘चौरस फुटा’च्या दरात काय-काय येतं, ते आधी विचारा

बेळगाव : फ्लॅटचा ताबा मिळाला किंवा घरात लग्न ठरलं, की पहिली चौकशी सुरू होते ती बेडरूममधल्या कपाटाची. ओळखीचा मिस्त्री येऊन टेप लावून जातो, कोल्हापूरच्या एखाद्या शोरूममधून कोटेशन येतं, आणि फॅक्टरीत तयार माल बनवणाऱ्या कंपनीचा माणूस मोबाईलवर थ्रीडी चित्र पाठवतो. समजा मिस्त्रीचा दर चौरस फुटाला १,१०० रुपये, शोरूमचा १,४५० आणि कंपनीचा १,९०० आहे. सात फूट उंच, सहा फूट रुंद कपाटाचे ४२ चौरस फूट होतात. म्हणजे ४६,२००, ६०,९०० आणि ७९,८०० रुपये. घरातले लोक पहिल्या आणि शेवटच्या आकड्यातलं अंतर बघतात आणि तिथेच निर्णय होतो.

पण हे ४२ चौरस फूट म्हणजे फक्त कपाटाचा चेहरा. या धंद्यात माप धरलं जातं ते दर्शनी बाजूचं, उंची गुणिले रुंदी. दोन फूट खोली, आतले खण, ड्रॉवर, मागची पाठ हे सगळं त्याच दरात ‘बसवलेलं’ असतं. किती आणि कसलं बसवलंय, ते कोटेशनच्या एका ओळीत दिसत नाही. महाग-स्वस्त ठरतं ते तिथे.

सहा शीट प्लाय, नऊ शीट मायका

हेच कपाट उघडून मोजू. तीन शटर, तीन कप्पे, आठ खण, दोन ड्रॉवर, खोली दोन फूट. प्लायवूडचं शीट आठ बाय चार फुटांचं, म्हणजे ३२ चौरस फूट. दोन बाजू आणि मधले दोन उभे पार्टिशन यांना दोन शीट लागतात. वरचा आणि खालचा भाग मिळून एक. दोन बाय दोनचे आठ खण एका शीटमध्ये बरोबर बसतात. तीन शटरना दीड शीट, आणि उरलेल्या अर्ध्या शीटमध्ये ड्रॉवर. एकूण १८ मिलीमीटरची सहा शीट, म्हणजे १९२ चौरस फूट. शिवाय पाठीला ६ मिलीमीटरची दीड शीट, पण दुकानातून दोन आणावी लागतात.

आता सनमायका. बाहेरून दिसणारा मायका, ज्याच्या रंगासाठी घरात दोन दिवस वाद होतात, तो लागतो जेमतेम दीड शीट. आतून सगळीकडे, म्हणजे खणांच्या दोन्ही बाजू, पार्टिशन, शटरची मागची बाजू आणि पाठ, मायका लावायचा तर ड्रॉवर सोडून नऊ शीट लागतात. आतल्या पातळ मायक्याचा दर शीटला ७०० रुपये धरला तरी ६,३०० रुपयांचा माल झाला. चिकटवण्याचं साहित्य आणि मजुरी वेगळी. कमी दराच्या कोटेशनमध्ये बहुतेक वेळा हाच भाग गळालेला असतो. ‘आतून फिनिशिंग करून देतो’ म्हणजे मायका की नुसता रंगाचा हात, हे स्पष्ट विचारलं पाहिजे. शटरला एकाच बाजूने मायका लावला तर ते पुढे वाकतं, हेही लक्षात ठेवायला हवं.

या मोजणीचा दुसरा उपयोग म्हणजे घासाघीस. ‘चांगला प्लाय हवा असेल तर चौरस फुटाला ३०० वाढवा’ असं सांगितलं जातं. दुकानात चौकशी केल्यावर दोन प्रतींच्या दरात ३० रुपयांचा फरक निघाला असं धरू. १९२ गुणिले ३० म्हणजे ५,७६० रुपये. दर्शनी ४२ चौरस फुटांवर ती वाढ १३७ रुपयांच्या आसपास येते. ठेकेदार मागतोय ३००, म्हणजे १२,६०० रुपये. नफा घेण्यात गैर काही नाही, पण किती घेतला जातोय ते गिऱ्हाइकाला कळलं तर बोलणं सोपं जातं.

हवा बघून माल घ्यावा

शीटवर आयएस ३०३ असा छाप असेल तर तो सर्वसाधारण वापराचा प्लाय. त्यात एमआर ही प्रत दमट हवेला तोंड देते, पाण्याला नाही. बीडब्ल्यूआर त्याहून वरची. आयएस ७१० म्हणजे मरीन प्लाय, उकळत्या पाण्याच्या ७२ तासांच्या चाचणीचा. ‘वॉटरप्रूफ आहे’ या शब्दाला काही अर्थ नाही, छाप बघायचा. आयएसआय खुणेजवळ लायसन्स क्रमांक असतो. तो ‘बीआयएस केअर’ या मोबाईल अॅपवर टाकला की खरा की खोटा ते कळतं. शीट घरात आल्यावर, कापण्याआधी, छापाचा फोटो काढून ठेवावा. एकदा मायका चिकटला की आत काय आहे ते कुणालाच सांगता येत नाही. १८ ऐवजी १६ मिलीमीटर आलंय का, हेही तेव्हाच मोजून घ्यायचं.

फॅक्टरीच्या मालात प्लाय क्वचित असतो. असते ती पार्टिकल बोर्ड, एमडीएफ किंवा एचडीएचएमआर. पार्टिकल बोर्ड सगळ्यात स्वस्त आणि दिसायला तितकीच गुळगुळीत. मात्र पाणी लागलं की ती फुगते, आणि एकदा काढलेला स्क्रू पुन्हा घट्ट बसत नाही. बदलीची नोकरी असेल, कपाट खोलून दुसऱ्या गावी न्यायचं असेल, तर ती टाळलेली बरी. एचडीएचएमआर जड आणि घट्ट असते, शटरना चालते.

गोव्यात, खानापूर-चंदगडच्या पावसात किंवा बेळगावात ओल येणाऱ्या भिंतीला लागून कपाट करायचं असेल तर सांगाडा बीडब्ल्यूआरच्या खाली घेऊ नये. आधी भिंतीची ओल काढावी, वाळवीचं औषध मारून घ्यावं, पाठीमागे थोडी जागा सोडावी. ओल्या भिंतीला मरीन प्लाय टेकवून पैसे वाचत नाहीत, फक्त नुकसान दोन वर्षं पुढे जातं. इंदूर, ग्वाल्हेर, हैदराबादच्या कोरड्या हवेत मात्र बेडरूमच्या कपाटाला मरीनचा आग्रह धरण्याचं कारण नाही. तिथे तो पैसा बिजागऱ्यांवर घालावा.

बिजागऱ्या आणि चॅनेल हीच रोज हाताळली जाणारी वस्तू. सात फुटी शटरला चार बिजागऱ्या लागतात. तीनवर भागवलं तर शटर उतरतं. तीन शटरच्या बारा बिजागऱ्या आणि ड्रॉवरचे चॅनेल कोणत्या कंपनीचे, हे कोटेशनमध्ये नावानिशी लिहून घ्यावं. सरकतं शटर खोलीत जागा कमी असेल तरच घ्यावं. त्याच्या पट्ट्या तीन-चार इंच खोली खातात, मग हँगर आडवा बसत नाही, आणि एका वेळी अर्धंच कपाट उघडतं. लॉफ्टचा दर सहसा वेगळा असतो, त्यात पाठ आणि बाजू धरल्यात का ते विचारायचं.

मजुरीवर काम देणं हा तिसरा मार्ग अजून टिकून आहे. माल गिऱ्हाइकाने आणायचा, मिस्त्रीला चौरस फुटाप्रमाणे मजुरी द्यायची. मालाची बिलं स्वतःच्या नावावर येतात आणि उरलेला तुकडा घरात राहतो. त्यासाठी घरातलं एक माणूस आठ-दहा दिवस मोकळं लागतं, आणि भुसा सगळीकडे होतो. मशीनवर होणारी कडेची पट्टी हाताने तितकी सफाईदार बसत नाही, तेवढं सोडून द्यायचं.

‘टॅक्स एक्स्ट्रा’ आणि हद्दीपलीकडचा माल

लाकडी फर्निचरवर जीएसटी १८ टक्के आहे. ६०,९०० रुपयांच्या कोटेशनखाली बारीक अक्षरात ‘टॅक्स एक्स्ट्रा’ असेल तर आकडा ७१,८६२ वर जातो, वाहतूक आणि फिटिंग वेगळं. तिन्ही कोटेशनं करासकट मागवूनच शेजारी ठेवावीत. नोंदणी नसलेल्या मिस्त्रीला जीएसटी लावता येत नाही. कंपोझिशन योजनेतला दुकानदारही बिलात वेगळा कर दाखवू शकत नाही, आणि त्याला दुसऱ्या राज्यात माल विकण्याची परवानगीच नाही. कोल्हापूर, गडहिंग्लज किंवा सावंतवाडीतून बेळगावात माल मागवताना हा प्रश्न पहिल्यांदा विचारावा.

‘दुसऱ्या राज्यातून घेतलं तर टॅक्स जास्त पडतो’ हे मात्र ऐकीव. राज्यातल्या राज्यात नऊ अधिक नऊ, आणि राज्याबाहेरून आयजीएसटी म्हणून एकत्र अठरा. गिऱ्हाइकाच्या खिशातून तेवढेच जातात. पन्नास हजारांवरचा माल हद्द ओलांडताना ई-वे बिल लागतं, ते काढण्याची जबाबदारी दुकानदारावर लिहून घ्यावी. ‘बिल नको, कमी करून देतो’ म्हणणाऱ्याचा टेम्पो चेकिंगला अडकला तर कपाट वेळेत येत नाही, आणि उद्या शटर उतरलं तर दाखवायला कागद नसतो.

हद्दीपलीकडून घेण्यात खरी अडचण असते ती नंतरच्या दुरुस्तीची. शंभर किलोमीटरवरून एक बिजागरी बदलायला माणूस यायला कुणी राजी नसतं. म्हणून वॉरंटीत घरी येऊन दुरुस्ती धरली आहे का, येण्याचा खर्च कुणाचा, हे ऑर्डरच्या कागदावरच यावं. त्याच कागदासोबत मापांसह ड्रॉइंग, प्लायची प्रत आणि जाडी, मायक्याचा नंबर, हार्डवेअरचं नाव आणि तारीख असावी, दोघांच्या सह्यांसह. पैसे टप्प्याने द्यावेत. शेवटचे दहा टक्के सगळी शटर उघडून-मिटून पाहिल्यावरच.

बिघडलंच, तर दुकान ज्या गावात आहे तिथे खेटे घालावे लागत नाहीत. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार ग्राहक जिथे राहतो किंवा नोकरी करतो, त्या जिल्ह्याच्या आयोगाकडे तक्रार करता येते. कोल्हापूरच्या दुकानाविरुद्ध बेळगावात, बेळगावच्या ठेकेदाराविरुद्ध पणजीत राहणाऱ्याला गोव्यात. दिलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर फी लागत नाही, आणि वकील हवाच असंही नाही. तक्रारीचं कारण घडल्यापासून दोन वर्षांची मुदत असते. त्याआधी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाईनच्या १९१५ या क्रमांकावर फोन करून बघावा, काही दुकानदार तेवढ्यावरच माणूस पाठवतात. तक्रारीला जोडायला बिल, सह्यांचं ड्रॉइंग आणि शीटच्या छापाचे ते फोटो लागतात.