आंजर्लेकर : एका आडनावाचा मागोवा

आंजर्ल्यात राहणाऱ्यास आंजर्लेकर म्हणण्याचे कारण पडत नाही. गावात माणूस ओळखला जातो तो आळीवरून, धंद्यावरून, नाही तर कुळाच्या जुन्या आडनावावरून. परमुलखी गेल्यावर मात्र पहिला प्रश्न होतो, ‘कोणत्या गावचे?’ आणि त्याचे उत्तरच पुढे आडनाव होऊन बसते. केळशीकर, हर्णेकर, दाभोळकर ही शेजारगावांची आडनावेही याच रीतीची होत.

याचे थोर उदाहरण जवळचेच आहे. मंडणगड तालुक्यातील आंबडवे गावच्या रामजी सकपाळांचे चिरंजीव १८९१ साली जन्मले ते दूर महूच्या लष्करी छावणीत. परंतु ७ नोव्हेंबर १९०० रोजी साताऱ्याच्या शाळेत त्यांचे नाव दाखल झाले, ते गावावरून. आंबडवेकरचे आंबेडकर झाले, आणि राज्यघटनेच्या शिल्पकाराच्या नावात कोकणातले एक लहानसे गाव कायमचे राहिले.

आंजर्ल्याच्या श्रींनीही स्थलांतर केले. समुद्रकाठचे मूळ स्थान पाण्याखाली गेले तेव्हा गणपती कड्यावर आला, असे परंपरा सांगते. १७६८ ते १७८० या काळात कड्यावरील देवालयाचा जीर्णोद्धार झाला. स्थान बदलले, गाव सुटले नाही.

पोटासाठी मुंबईस गेलेल्यांच्या ज्या नातवंडांनी आंजर्ले पाहिलेही नाही, त्यांच्याही नावात हे गाव आहे. श्रींच्या दर्शनास त्यांनी एकवार अवश्य यावे. येथे त्यांना आंजर्लेकर म्हणून कोणी हाक मारणार नाही, ‘तुम्ही कुणाकडचे?’ असेच विचारतील.