जागतिक वारसा आणि आपला जीर्णोद्धार

सुवर्ण महोत्सवाच्या स्मरणिकेत एका कापड व्यापाऱ्याने जागतिक वारशाविषयी लिहावे, याचे काही वाचकांस नवल वाटेल. परंतु भांडुपहून लोकलने मूळजी जेठा मार्केटात जाताना आम्ही ज्या स्थानकात उतरत आलो, ते आजचे छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस २००४ साली युनेस्कोच्या यादीत गेले आणि तेव्हापासून या विषयाचे कुतूहल मनात राहिले.

हा मान मिळतो कसा? युनेस्को आपण होऊन स्थळे निवडत नाही. अर्ज त्या त्या देशाच्या सरकारनेच करावयाचा असतो. १९७२ च्या जागतिक वारसा कराराला भारताने १९७७ मध्ये मान्यता दिली. प्रथम स्थळाचे नाव देशाच्या संभाव्य यादीत घालावे लागते व तेथे ते किमान एक वर्ष असावे लागते. मग नकाशे, सीमा, इतिहास, छायाचित्रे आणि देखभालीची योजना यांसह सविस्तर प्रस्ताव १ फेब्रुवारीपूर्वी पॅरिसला पोहोचवावयाचा. इकोमॉस या संस्थेचे तज्ज्ञ येऊन पाहणी करतात आणि सुमारे दीड वर्षाने २१ देशांची समिती निर्णय देते. २०२० पासून एका देशाला वर्षाला एकच प्रस्ताव पाठविता येतो. साहजिकच देशातल्या देशातच मोठी रांग लागते. मराठा लष्करी स्थापत्य २०२१ मध्ये संभाव्य यादीत आले आणि त्याचे बारा किल्ले ११ जुलै २०२५ रोजी मुख्य यादीत गेले. त्यांपैकी अकरा महाराष्ट्रातील असून बारावा तामिळनाडूतील जिंजी आहे. हे सर्व किल्ले केंद्राच्या वा राज्याच्या पुरातत्त्व खात्याच्या संरक्षणाखाली होते, ही बाब महत्त्वाची. कारण कायद्याच्या संरक्षणावाचून प्रस्ताव उभाच राहत नाही.

भारताची पहिली नोंद १९८३ ची. त्यात अजिंठा, ताजमहाल व आग्र्याचा किल्ला यांच्यासोबत आपले वेरूळही होते. तेथील ३४ लेण्यांपैकी ३० ते ३४ ही पाच लेणी जैन आहेत. ती दिगंबर परंपरेची. पण इंद्रसभेतील जिनप्रतिमांपुढे उभे राहिल्यावर पंथभेद आठवत नाही. बौद्ध, हिंदू व जैन लेणी एकाच कड्यात शेजारी कोरली गेली, त्या सहिष्णुतेसाठीही वेरूळची निवड झाली. खजुराहो, हंपी, पट्टदकल, अहमदाबाद या नोंदींतही जैन मंदिरे आहेत. मात्र जुलै २०२५ अखेर भारताच्या ४४ नोंदींत केवळ जैन स्थळाची अशी एकही नाही.

याची कारणे अनेक असतील. माझ्या अल्पमतीप्रमाणे एक कारण आपल्या भक्तीतच आहे. आपली तीर्थे नांदती आहेत. प्रत्येक पिढी श्रद्धेने जीर्णोद्धार करते आणि जुन्या दगडावर नवा संगमरवर चढतो. युनेस्को मात्र वास्तूचा अस्सलपणा तपासते. आमच्या मूळ गावच्या देरासरात कोरीव लाकडी खांब होते. सुमारे तीस वर्षांपूर्वी ते काढून संगमरवरी खांब बसविले. त्या कामास मीही उत्साहाने देणगी दिली. पाटीवर नावही आहे. खांब कोठे गेले, हे आज कोणासही सांगता येत नाही. एका लग्नाच्या समूहछायाचित्रात वऱ्हाडामागे त्यांतील एकाचा अर्धा भाग दिसतो, तेवढाच पुरावा उरला.

दुरुस्ती करूच नये, असा याचा अर्थ नव्हे. जपानमधील होर्यूजी हे जगातील अतिप्राचीन लाकडी मंदिरांपैकी एक. कुजलेले भाग बदलत ते टिकविले गेले आणि १९९३ मध्ये वारसा यादीत आले. पुढच्याच वर्षी नारा येथे तज्ज्ञांनी मान्य केले की, अस्सलपणा केवळ जुन्या सामग्रीत नसतो, तो परंपरेत व कारागिरीतही असतो. मात्र बदल कोठे, कसा व कशासाठी केला, याची नोंद हवी. आमच्या गावच्या कामात खर्चाचा पैसा न् पैसा वहीत आहे, खांबांबद्दल एक ओळ नाही.

आपले देरासर पन्नास वर्षांचे. त्यासाठी पॅरिसला अर्ज करावयाचा नाही. परंतु महोत्सवानंतर नूतनीकरणाचा विषय सभेपुढे येणार आहे. जुन्या गभाऱ्याची मापे व छायाचित्रे आधी घ्यावीत आणि उतरविलेला प्रत्येक कोरीव दगड नोंदवहीत लिहावा, असा ठराव मी मांडणार आहे. मापे घेण्यास टेप व दोन माणसे दुकानातून देईन.