चेटकिणीचे वाढणे : व्यक्तिरेखेचा विकास आणि चाहत्यांचा निवाडा

मराठीतल्या ‘चेटकीण’ या शब्दाला वय आहे, पण बालपण नाही. लोककथेतली चेटकीण भेटते तीच मुळी म्हातारी होऊन. ती चेटूक कोणाकडून शिकली, शिकताना कोठे चुकली, असले प्रश्न कथा विचारीत नाही. जपानी अॅनिमेने १९६६ नंतर या आकृतीला बालपण दिले, पुढे शाळा दिली, परीक्षा दिल्या आणि वर्गमैत्रिणीही दिल्या. चेटकीण शिकू लागली तेव्हा तिचा प्रेक्षकही बदलला. तो तिच्या प्रगतीचा हिशेब ठेवू लागला आणि ती ‘वाढली’ किंवा ‘वाढलीच नाही’ असा निवाडा देऊ लागला. हा अधिकार प्रेक्षकाकडे कसा आला आणि या निवाड्यात कलाविचाराचा भाग किती, नीतिविचाराचा किती, हे पाहणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे. त्यासाठी मराठी बालरंगभूमी आणि जपानी दूरचित्रवाणी मालिका या दोन परंपरा शेजारी ठेवल्या आहेत. त्यांच्यात प्रभावाचे नाते आहे असे सुचवायचे नाही. एकाच आकृतीचे दोन ठिकाणी झालेले ग्रहण तपासणे, एवढाच या तुलनेचा उपयोग आहे.

१

सुधा करमरकर यांनी १९५९ साली ‘लिटल थिएटर’ची स्थापना केली आणि रत्नाकर मतकरींचे ‘मधुमंजिरी’ रंगमंचावर आणले. त्यात चेटकिणीची भूमिका स्वतः करमरकरांनी केली. मतकरींनी १९६२ मध्ये ‘बालनाट्य’ ही संस्था काढली. त्यांच्या ‘अलबत्या गलबत्या’मधली चिंची चेटकीण पुढे दिलीप प्रभावळकरांच्या नावाशी जोडली गेली. २०१८ मध्ये चिन्मय मांडलेकर यांच्या दिग्दर्शनाखाली हे नाटक नव्याने उभे राहिले, तेव्हा ती भूमिका वैभव मांगले यांनी केली.

या परंपरेत एक गोष्ट ठळकपणे जाणवते. नाटकाच्या नावात चेटकीण नाही, पण ते लोकांच्या लक्षात राहते ते तिच्यामुळे. पुनरुज्जीवित प्रयोगाच्या जाहिरातींतही तिचाच चेहरा पुढे होता. मुले तिला भितात, तिच्यावर ओरडतात, आणि नाटक संपल्यावर तिचीच नक्कल करतात. मात्र तिच्यात बदल व्हावा अशी अपेक्षा कोणी करीत नाही. चिंची शहाणी झाली, तिला पश्चात्ताप झाला, तर तो मुलांचा रसभंगच ठरेल. पुरुषनटाने ही भूमिका करण्याची प्रथाही याच्याशी सुसंगत आहे. आवाज, चाल आणि हातवारे यांची अतिशयोक्ती हेच त्या व्यक्तिरेखेचे सत्त्व असते. ई. एम. फॉर्स्टर यांनी १९२७ साली व्यक्तिरेखांचे सपाट आणि गोलाकार असे वर्ग केले. त्या वर्गीकरणात चिंची सपाट ठरेल, पण तिला सपाट म्हणणे म्हणजे तिला उणे लेखणे नव्हे. ओळखीचे पुन्हा भेटणे हाच येथील आनंद आहे. दीड-दोन तासांच्या एकसंध प्रयोगाला तो पुरतो.

रंगमंचाबाहेर मात्र याच न बदलणाऱ्या आकृतीचे भयंकर रूप आढळते. सातपुड्याच्या परिसरात, विशेषतः नंदुरबार जिल्ह्यात, ‘डाकीण’ हे एखाद्या जिवंत स्त्रीवर ठेवलेल्या आरोपाचे नाव आहे. तो आरोप एकदा झाला की तिचे पूर्वायुष्य, तिचे स्वभावविशेष, तिचे म्हणणे यांना काहीच अर्थ उरत नाही. महाराष्ट्रात २०१३ साली झालेल्या जादूटोणाविरोधी कायद्याने असा आरोप करून एखाद्या व्यक्तीचा छळ करणे हा गुन्हा ठरवला. साहित्यविचाराच्या दृष्टीने यातून एवढेच घ्यावयाचे की, चेटकिणीला इतिहास नाकारणे ही केवळ कथनाची सोय नाही. इतिहास नाकारला म्हणजे निवाडा सोपा होतो.

२

जपानी दूरचित्रवाणीवर हा इतिहास हळूहळू आला. मित्सुतेरू योकोयामा यांच्या चित्रकथेवर आधारलेली ‘महोत्सुकाई सॅली’ ही तोएई संस्थेची मालिका १९६६ ते १९६८ या काळात प्रसारित झाली. ‘बिविच्ड’ या अमेरिकी मालिकेची प्रेरणा तिच्यामागे होती; पण अमेरिकी मालिकेतील गृहिणीच्या जागी येथे शाळकरी मुलगी आली. सॅली जादूच्या राज्याची राजकन्या आहे. तिची शक्ती जन्मजात आहे, शिकण्याचा प्रश्नच नाही. शेवटच्या भागात शाळेला आग लागते, ती सर्वांदेखत जादू वापरते आणि आपल्या राज्यात परत जाते. येथे बदल आहे, पण त्याचे रूप निरोपाचे आहे. प्रेक्षकाने रडावे, निवाडा देऊ नये, अशीच त्याची योजना आहे.

एइको कादोनो यांची ‘किकी’ ही कादंबरी १९८५ ची, आणि हायाओ मियाझाकी यांचा तिच्यावरील चित्रपट १९८९ चा. तेरा वर्षांची किकी रूढीप्रमाणे वर्षभर परक्या गावी स्वतःच्या बळावर राहायला निघते. चित्रपटात मध्येच तिची उडण्याची शक्ती जाते आणि तिच्या मांजराची भाषा तिला कळेनाशी होते. उडणे परत येते. मूळ जपानी चित्रपटात मांजराचे बोलणे मात्र परत येत नाही. १९९८ च्या इंग्रजी आवृत्तीत शेवटी मांजराच्या तोंडी संवाद घालून ही उणीव भरून काढली गेली. पुढे २०१० च्या आवृत्तीत तो काढून टाकण्यात आला. एका मांजराच्या एका वाक्याचा हा प्रवास ग्रहणाच्या इतिहासात मोलाचा आहे. मूळ कृतीत वाढणे म्हणजे काही कायमचे गमावणे होते. इंग्रजी आवृत्ती सिद्ध करणाऱ्यांनी आपल्या प्रेक्षकांच्या वतीने ठरवले की वाढीत नुकसान असू नये. वोल्फगांग इझर वाचकासाठी सोडलेल्या ज्या रिकाम्या जागांविषयी बोलतात, त्यांपैकी एक येथे परस्पर बुजवली गेली.

‘ओजामाजो दोरेमी’ (१९९९–२००३) या मालिकेने काळाचा प्रश्न वेगळ्या रीतीने सोडवला. चार वर्षे, चार पर्वे, एकूण २०१ भाग. आणि दर पर्वात दोरेमी व तिच्या मैत्रिणी एकेक इयत्ता पुढे गेल्या, तिसरीपासून सहावीपर्यंत. म्हणजे समोर बसलेले मूल आणि पडद्यावरील मूल एकाच गतीने मोठे होत होते. अखेरीस चेटकीण होण्याची संधी समोर असताना या मुली ती नाकारतात आणि माणूस राहणे पसंत करतात. त्यानंतर सतरा वर्षांनी, २०२० मध्ये, याच मालिकेच्या परंपरेत एक चित्रपट निघाला. त्याच्या नायिका चेटकिणी नाहीत. लहानपणी ही मालिका पाहिलेल्या २७, २२ आणि २० वर्षांच्या तीन स्त्रिया कामाकुरा येथील एका जुन्या घरापाशी भेटतात आणि आपापल्या अडलेल्या आयुष्यांकडे त्या आठवणीच्या आधाराने पाहू लागतात. येथे चाहत्यांचा प्रतिसाद कृतीबाहेर राहिला नाही, तोच पुढच्या कृतीचा विषय झाला. व्यक्तिरेखा वाढली की नाही हा प्रश्न उलटून, तिला पाहणारे वाढले काय, असा झाला.

३

या इतिहासाच्या पार्श्वभूमीवर ‘लिटल विच अॅकेडेमिया’ पाहावी लागते. यो योशिनारी यांनी दिग्दर्शित केलेला पहिला लघुचित्रपट २०१३ साली, तरुण अॅनिमेशनकारांच्या प्रशिक्षणाच्या योजनेतून, ट्रिगर या संस्थेने तयार केला. उमेदवारांनी उमेदवारांविषयी केलेली ही कृती होती. त्याच वर्षी दुसऱ्या लघुचित्रपटाची लांबी वाढवण्यासाठी लोकवर्गणीचे आवाहन झाले. उद्दिष्ट १ लाख ५० हजार डॉलरचे होते; ७,९०० हून अधिक लोकांनी मिळून ६ लाख २५ हजार डॉलरहून अधिक रक्कम दिली. २०१७ मध्ये २५ भागांची मालिका आली. वर्गणीदार प्रेक्षकाच्या मनात कृतीविषयी हक्काची भावना अधिक असणे स्वाभाविक होय.

मालिकेची नायिका अक्को हिच्या घराण्यात जादू नाही. लहानपणी शायनी शॅरिओ या जादूगारिणीचा प्रयोग पाहून ती भारावली आणि ल्यूना नोव्हा या शाळेत दाखल झाली. तिला झाडूवर बसून उडता येत नाही, धडे पाठ होत नाहीत. तिची प्रतिस्पर्धी डायना कॅव्हेंडिश मात्र प्राचीन घराण्यातली आणि सर्व विद्यांत निपुण आहे. चाहत्यांच्या चर्चेत यावरून स्थूलमानाने दोन पक्ष पडले. पहिला पक्ष म्हणे, अक्को अर्धी मालिका सरली तरी होती तेथेच आहे. हट्ट आणि दैव यांच्या बळावर ती निभावून नेते, खरा विकास डायनाचाच. दुसऱ्या पक्षाच्या मते अक्कोची वाढ तिच्या कौशल्यात शोधायची नसून तिच्यामुळे इतर बदलतात त्या बदलांत शोधायची.

ही चर्चा चाहत्यांपुरती आहे असे मानून समीक्षेने दूर राहण्याचे कारण नाही, कारण खुद्द मालिकाच तिच्यात भाग घेते. चौथ्या भागात लोट्टे ही एका अवाढव्य कादंबरीमालेची निस्सीम चाहती दाखवली आहे. त्या मालेची पुढची लेखिका होण्याची संधी चालून येते, तेव्हा ती नकार देते. वाचक राहणे ही तिच्या लेखी दुय्यम अवस्था नाही. आठव्या भागात अक्को सूसीच्या मनात शिरते. तेथे सूसीच्या निरनिराळ्या इच्छा अनेक सूसींच्या रूपाने वावरतात, आणि मनाचीच सत्ता त्यांपैकी नकोशा सूसींना देहदंड देते. व्यक्तिरेखेने बदललेच पाहिजे या आग्रहाला याहून मार्मिक प्रत्युत्तर देणे अवघड आहे.

निर्णायक कलाटणी येते ती शेवटच्या काही भागांत. शॅरिओच्या त्या प्रयोगांनी प्रेक्षकांतल्या मुलांची जादूची शक्ती नकळत शोषून घेतली होती, असे उघड होते. अक्कोला उडता न येण्याचे कारण आळस नव्हे. जिने स्वप्न दिले तिनेच पंख काढून घेतले होते. हान्स रोबेर्ट याउस यांच्या परिभाषेत, येथे अपेक्षांचे क्षितिज मागच्या भागांसकट हलते. पूर्वी दिलेला निवाडा प्रेक्षकाला पुन्हा तपासावा लागतो. तरीही वाद मिटत नाही. डायनाही त्या प्रयोगाला गेली होती, तिचीही शक्ती गेली होती, आणि ती तिने परिश्रमाने परत मिळवली, असे मालिका सांगते. पहिल्या पक्षाला यात आपल्या म्हणण्याची पुष्टी दिसते. परंतु डायनापाशी ग्रंथालय होते, घराणे होते, आणि आपण जादूगारीणच आहोत ही कधीही न डळमळलेली खात्री होती. अक्कोला आपले काही गेले आहे हेच ठाऊक नव्हते. सारखी हानी झाली म्हणून दोघींचा आरंभबिंदू सारखा ठरत नाही.

४

मराठी प्रेक्षकापर्यंत जपानी अॅनिमे बहुधा हिंदीतून, नंतर इंग्रजीतून पोहोचले. १९९३ साली दूरदर्शनवर आलेला हिंदी ‘मोगली’ औरंगाबादच्या गारखेड्यात काय किंवा पुण्याच्या कोथरुडात काय, सारख्याच ओढीने पाहिला गेला. तो जपानी आहे याची जाणीव थोड्यांनाच होती. गारखेड्यासारख्या वसाहतीत व्यावसायिक बालनाट्य दौऱ्यावर येते आणि निघून जाते, पडद्यावरील मालिका मात्र घरात मुक्काम करते. पाहुण्याकडून कोणी प्रगतीचा हिशेब मागत नाही. घरातल्या माणसाकडून तो रोज मागितला जातो. विकासाची अपेक्षा अशी प्रथम घाटातून जन्मते. हरिभाऊ आपट्यांची ‘पण लक्षात कोण घेतो’ १८९० पासून ‘करमणूक’ पत्रात क्रमशः येत होती. यमुनेच्या आयुष्याशी वाचकांचे जे नाते जडले त्यात त्या हप्त्याहप्त्याने भेटण्याचा वाटा आहेच.

पण घाट अपेक्षा निर्माण करतो, तिचा निकष पुरवीत नाही. तो निकष प्रेक्षक आपल्या समाजातून आणतो. विद्येचा अधिकार जन्माने ठरवणारी व्यवस्था ज्या समाजाने शतकानुशतके पाहिली, तेथे ‘अक्को शिकत नाही’ हे विधान निरागसपणे करता येत नाही. याच शहरात १९५० साली डॉ. आंबेडकरांनी पीपल्स एज्युकेशन सोसायटीचे महाविद्यालय सुरू केले, ते ज्यांच्या घराण्यात ग्रंथ नव्हते त्यांच्यासाठी. अशा विद्यार्थ्याची प्रगती घराण्यात ग्रंथ असलेल्याच्या मापाने मोजणे हा अन्यायच ठरतो. मग व्यक्तिरेखेबाबत तेच माप निर्दोष कसे मानावे? याचा अर्थ अक्कोच्या चित्रणात दोष नाहीत असा नव्हे. पूर्वार्धात तिच्या अपयशाची पुनरावृत्ती होते, आणि काही विजय तिला फार स्वस्तात मिळतात. परंतु रचनेच्या या दोषावर बोट ठेवणे वेगळे आणि पात्राला नालायक ठरवणे वेगळे. चाहत्यांच्या चर्चेत ही दोन विधाने सर्रास एकमेकांत मिसळतात. ती तशी मिसळण्याची सवय विद्यापीठीय समीक्षेलाही आहे, हे विसरून चालणार नाही.

चिंची, किकी, दोरेमी आणि अक्को यांना एका रांगेत ठेवून सपाटाकडून गोलाकाराकडे झालेली प्रगती दाखवणे सोपे आहे, पण ते फसवे आहे. चिंचीचे न बदलणे हे तिच्या प्रकाराचे यश आहे, तर अक्कोचे उशिरा बदलणे हा तिच्या कथेचा विषय आहे. विकास हे व्यक्तिरेखेच्या अंगी असलेले मूल्य नसून आरंभ आणि वर्तमान यांमधले अंतर आहे, आणि ते मोजण्यासाठी दोन्ही टोके माहीत असावी लागतात. चेटकिणीला बालपण मिळाल्याने पहिले टोक दिसू लागले. त्याकडे न पाहता दिलेला निवाडा, तो चाहत्याचा असो वा समीक्षकाचा, इतिहास नाकारणाऱ्या त्या जुन्या आरोपाच्याच जातीचा राहतो.